घुमाऱ्याची सेवाज्येष्ठता

श्रीवत्स जमेनीस हे धारवाडातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरी हवाईयन गिटार वाजवत असत. यातली पहिली गोष्ट ते राहत त्या सगळ्या सप्तापूर वस्तीला ठाऊक होती. दुसरी फक्त शेजारच्या दोन घरांना ठाऊक होती आणि दोन्ही घरांची तिच्याबद्दल तक्रार होती.

धारवाडात राहून गिटार वाजवणं म्हणजे काय, हे परगावच्या माणसाला सांगून पटायचं नाही. या गावात सकाळी दूध घालणारा गडी दार उघडेपर्यंत ज्या रागात शीळ घालतो, त्या रागाची वेळ झालेली असते. भाजीवाली तानूबाई मेथीची जुडी बांधता बांधता, "काल आकाशवाणीवर त्या बाईंचा निषाद जरा घसरला की ओ," असं म्हणते आणि उरलेले पैसे परत देते. अशा गावात एक बेचाळीस वर्षांचा, बायकोमुलं असलेला, कायम नोकरीतला माणूस गिटार मांडीवर आडवी टाकून तिच्यावर लोखंडी कांडी घासतो आणि तिच्यातून जुनी सिनेमाची गाणी काढतो. लोक तोंडावर काही म्हणत नसत. "बाकी प्रकृती बरी ना?" एवढंच विचारत.

सप्तापूर मराठी स्नेहमंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर जमेनीसांचं नाव अकरा वर्षं येत होतं. ते अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर, 'ध्वनिव्यवस्था' या शब्दापुढे येई. ध्वनिव्यवस्था म्हणजे माईकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणणं आणि मग दुसऱ्या कुणाला तरी गाऊ देणं. १९९७ साली मंडळाला पंचवीस वर्षं झाली. ऑक्टोबरातल्या वर्धापनदिनाला केलगेरीच्या राधाक्कांचं गाणं ठरलं, आणि त्यांच्याआधी भावगीतं म्हणणाऱ्या बाई जुलैतच मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला निघून गेल्या. चिटणीस प्रभंजन पाटणकर यांच्याकडे बारा मिनिटं शिल्लक राहिली. ती कुणीच घेईना, तेव्हा ती जमेनीसांना मिळाली.

पत्रिकेच्या वरच्या अर्ध्या भागात 'गिटारवादन: श्री. श्रीवत्स जमेनीस' असं छापून आलं. जमेनीसांनी ती पत्रिका कचेरीच्या खणात ठेवली आणि कामाची फाईल शोधण्याच्या निमित्ताने दिवसातून सहा-सात वेळा खण उघडला. या गावाने आपल्याला एकदा, निदान एकदा, कलाकार म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती. हे ते कुणालाच बोलले नव्हते. त्यांच्या पत्नी हेमावतीबाईंना ते न सांगताच कळलेलं होतं, आणि त्याही त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

अडचण एकच होती. घरी वाजवलेली गिटार कोरडी वाजे. कॅसेटमधली गिटार कशी तरंगत येते, तशी ही येत नसे. ही सरळ येऊन पायाशी पडे. म्हणून जमेनीसांनी जपानात नोकरीला असलेल्या भाच्याला, श्रीहरीला, पत्र घातलं: 'देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखा आवाज यावा असं काही यंत्र मिळतं काय?' श्रीहरीचं उत्तर आलं की मामा, मिळतं, पायाने दाबायच्या डब्या असतात, माझ्या मित्राच्या वापरलेल्या तीन पडून आहेत, एकेक करून पाठवतो.

पहिली डबी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली, म्हणजे गावात आली. घरी यायला तिला आणखी नऊ दिवस लागले. श्रीहरीने पार्सलवर इंग्रजीत 'गिटार इफेक्ट्स, यूज्ड' असं लिहिलं होतं, आणि पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीतल्या गृहस्थांनी तेवढं वाचून चष्मा काढला.

"मयत कोण?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कोण मयत?"

"ते तुम्ही सांगायचं की ओ. इफेक्ट्स लिवलंय बघा. माणूस मेल्यावर मागं जे सामान राहतं, त्याला सरकारात इफेक्ट्स म्हणतात. तुम्ही पण सरकारी नोकरच ना?"

वाईट एवढंच होतं की जमेनीसांना हे माहीत होतं. 'कैलासवासी अमुकअमुक यांचे पर्सनल इफेक्ट्स वारसांच्या ताब्यात देणेबाबत' अशी पत्रं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि ती चांगली उतरली होती. त्यामुळे त्यांचा आवाज चढायला हवा होता तितका चढेना.

"हो, पण हे गिटारचे इफेक्ट्स आहेत."

"ते दिसतंय. गिटार हे नाव की आडनाव?"

"ते वाद्य आहे!"

"परदेशात असतंय ओ तसलं आडनाव. वारस दाखला आणा. नाहीतर प्रतिज्ञापत्र. त्याशिवाय मयताच्या वस्तूला हात लावता येत नाही."

जमेनीस तडक शेजारी भीमराव वकिलांकडे गेले. भीमराव नऊ वर्षांपूर्वी वकिलीतून निवृत्त झाले होते आणि आता गाण्यावर मत देत. गल्लीतलं कुठलंही मत त्यांच्या ओसरीवरून गेल्याशिवाय पक्कं होत नसे. त्यांनी स्टँपपेपर मागवला आणि तोंडाने मजकूर सांगितला: 'मी, श्रीवत्स जमेनीस, शपथेवर लिहून देतो की गिटार नावाची कोणतीही व्यक्ती माझ्या नात्यात अथवा माहितीत नव्हती व नाही, सबब सदर व्यक्ती मयत होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' खिडकीतल्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. "आत्री," म्हणजे झालं, असं ते म्हणाले, आणि पार्सल पुढे सरकवलं.

दुसरी डबी पंधरा दिवसांनी आली, तिच्यासाठी दुसरं प्रतिज्ञापत्र झालं. तिसरी सप्टेंबरात आली, तिच्यासाठी तिसरं. तोवर खिडकीतल्या गृहस्थांना जमेनीसांविषयी आपुलकी वाटू लागली होती. तिसरं पार्सल देताना ते खिडकीबाहेर वाकून म्हणाले, "आता आलं ना त्यांचं सगळं सामान? बसा जरा. पाणी घ्या." जमेनीसांनी पाणी घेतलं. शोक होत नसताना सांत्वन नाकारायचं कसं, याबद्दल सेवानियमात काही नाही.

तीन डब्यांची जमेनीसांनी मराठी नावं पाडली. पहिली आली ती आवाज गाभाऱ्यात घुमवणारी, तिचं नाव घुमारा. दुसरी एकदा वाजवलेलं आपणच पुन्हा पुन्हा म्हणणारी, तिचं नाव पडसाद. तिसरी आवाज करकरीत, फाटका करणारी, तिचं नाव खरखर. ही तिसरी श्रीहरीने का पाठवली, हे त्यांना कळलं नाही. पण भाच्याने पाठवलेली वस्तू वगळायची कशी? माहितीपत्रकं सोबत होती. ती जपानी भाषेत होती.

डब्या एकीला एक वायरने जोडून जमेनीसांनी गिटार छेडली आणि काहीही वाजलं नाही. चार दिवस काहीही वाजलं नाही. पाचव्या दिवशी ते तिन्ही डब्या पिशवीत घालून हुबळीला दुर्गदबैलाच्या बाजारात गेले. तिथे कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये, एक खुर्ची मावेल एवढ्या जागेत, नागोजी रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करत असे. लग्नकार्याला लाऊडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरही तोच भाड्याने देई. त्याने डबी उलटसुलट करून पाहिली.

"साहेब, ह्याचं तोंड उजव्या बाजूला आहे. उजवीकडून आवाज आत जातो, डावीकडून बाहेर येतो. तुम्ही शेपटाकडून घास भरवायला लागलाय."

"उजवीकडून डावीकडे?" जमेनीस म्हणाले. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत टिपणं लिहिणाऱ्या माणसाला हे जरा लागलं.

"आणि असं करा," नागोजी मिक्सरच्या भांड्यातलं पातं सोडवत म्हणाला, "गिटारची वायर आधी खरखरीत घाला. तिथनं पडसादात. घुमारा सगळ्यात शेवटी. म्हणजे काय, जो आवाज तयार झाला तो सगळाच्या सगळा देवळात नेऊन ठेवतो घुमारा. तो आधी घातला तर नंतरचे त्याची पार चटणी करतील."

हे शंभर टक्के बरोबर होतं. पण ते सांगणाऱ्याच्या हातात मिक्सरचं भांडं होतं आणि त्या भांड्याला खोबऱ्याची चटणी लागलेली होती. क्रम कसा असावा हे सांगण्याचा अधिकार जमेनीसांच्या मते त्यालाच, ज्याने क्रम लावण्यात आयुष्य घालवलं आहे. एकवीस वर्षं त्यांनी कचेरीत दुसरं काय केलं होतं?

त्यांनी घरी येऊन फूलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारल्या आणि वर 'सेवाज्येष्ठता यादी' असं लिहिलं. घुमारा: रुजू दिनांक १४ ऑगस्ट. पडसाद: रुजू दिनांक २९ ऑगस्ट. खरखर: रुजू दिनांक १२ सप्टेंबर. जो आधी रुजू झाला तो पुढे बसेल. यात वशिला नाही, लहर नाही, कुणाची तक्रार यायचा प्रश्न नाही. गिटारच्या लगत घुमारा, मग पडसाद, शेवटी खरखर. कागदाखाली त्यांनी सहीसुद्धा केली.

भीमरावांनी ओसरीवर बसून कागद पाहिला आणि मान डोलावली.

"शास्त्राला धरून आहे," ते म्हणाले. "मैफिलीत पहिल्यांदा काय येतं? तानपुरा. तो खोली भरून टाकतो, मग गवई तोंड उघडतो. घुमारा पहिलाच पाहिजे. नागोजीचं काय घेऊन बसलाय? त्याने कधी तानपुरा लावलाय?"

"मला नागोजीचं पटतं," हेमावतीबाई आतून म्हणाल्या. "फोडणी आधी घालतात, झाकण नंतर ठेवतात. झाकणावर फोडणी घालून काय होणार?"

"हा स्वयंपाक नव्हे गं."

"नव्हे ना, म्हणूनच म्हटलं," असं म्हणून त्यांनी कुकरची शिटी काढून ठेवली.

त्या यादीबरहुकूम वाजवल्यावर घरात जो आवाज झाला, त्याने शेजारची दोन घरं ओसरीवर येऊन उभी राहिली. पहिला सूर लागला तो गेलाच नाही. दुसरा आला तो पहिल्याच्या अंगावर बसला. तिसऱ्यानंतर कोण कुठे आहे ते कळेना, आणि सगळ्यांवर खरखरीने रंधा फिरवला. मग सल्ले सुरू झाले. एकांनी सांगितलं, डब्या पाटावर ठेवा, फरशीतून वीज उलटी शिरते. दुसऱ्यांनी सांगितलं, ओलं पोतं घाला. तानूबाईने टोपली खाली ठेवून ऐकलं आणि, "यंत्राला हळदकुंकू लावलं काय ओ?" असं विचारलं, तेही लावून झालं. शेवटी भीमरावांनी निकाल दिला की खोली लहान आहे, त्यात घुमाऱ्याचा दोष नाही, सभागृहात बघा कसा फुलतो ते. हा निकाल सगळ्यांना मान्य झाला, कारण त्यात कुणालाही काही करावं लागणार नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी प्रभंजनने टेंपो पाठवला. नागोजीचा अ‍ॅम्प्लिफायर हे एक काळं, कपाटाएवढं धूड होतं. ते मागे चढवलं आणि त्याच फेरीत भीमरावांचा तानपुराही नेऊ, दोन खेपा कशाला, असं जमेनीसांनीच सुचवलं. राधाक्कांना तानपुरा मंडळाने द्यायचा होता आणि सप्तापुरात चांगला तानपुरा तो एकच होता. खोळ घातलेला तानपुरा अ‍ॅम्प्लिफायरला टेकवून उभा केला. वळणावर टेंपो खड्ड्यात गेला, धूड हललं आणि मागून 'करक्' असा आवाज आला. टेंपो थांबवून जमेनीसांनी अ‍ॅम्प्लिफायर चारी बाजूंनी तपासला. त्याला काही झालं नव्हतं. "देवाची कृपा," ते म्हणाले आणि पुन्हा पुढे जाऊन हेमावतीबाईंच्या शेजारी बसले.

सभागृह भरलेलं होतं. जमेनीसांसाठी नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं. पण माणसं तर होती. पहिल्या रांगेत भीमराव. प्रभंजनने माईकवर, "आपल्या परिचयाचे श्री. जमेनीस आज एका वेगळ्या भूमिकेत," असं म्हटलं आणि कुणीतरी मागून, "माईक तपासायला काय?" असं विचारलं. हशा पिकला. जमेनीसांनी मांडीवर गिटार घेतली, डब्या पायाने दाबल्या आणि गाण्याची पहिली ओळ सुरू केली.

सभागृहात घुमारा फुलला. भीमराव म्हणाले होते त्याच्या चौपट फुलला. पहिल्या ओळीचे सात सूर एकमेकांच्या गळ्यात पडले आणि कुणी खाली उतरायला तयार होईना. चौथ्या रांगेतलं एक मूल रडू लागलं. जमेनीसांनी घाबरून कांडी उचलली आणि हात खालच्या दोन मोकळ्या तारांवर पडला. त्या दोन तारा तेवढ्या एकमेकींशी जुळलेल्या होत्या. त्यांचा मात्र एकच भरदार, लांब, भुणभुणता नाद निघाला आणि तो थांबेना.

त्याच वेळी जमेनीसांची नजर पायाशी गेली आणि त्यांना सगळं लख्ख कळलं. घुमाऱ्यातून निघालेलं सगळं सामान शेवटी खरखरीच्या तोंडात जात होतं. नागोजीचं बरोबर होतं, हेमावतीचं बरोबर होतं. वायरींची उलटापालट करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. ते वायर उपसायला वाकले, तोच पडद्यामागून प्रभंजन रांगत आला.

"श्रीवत्सअण्णा, थांबू नका! हात काढू नका!"

"अरे, पण हे..."

"तानपुऱ्याचा भोपळा फुटलाय. बोटभर चीर. टेंपोवाल्याने वाट लावली. राधाक्का आत डोक्याला हात लावून बसल्या होत्या, आणि आता विचारतात, ही जवारी कुणाची?"

जवारी म्हणजे चांगल्या तानपुऱ्याच्या तारेतून निघणारी भुणभुण. ती जमण्यासाठी कारागीर तारेखालच्या घोडीवर महिना महिना पटाशी चालवतात. जमेनीसांच्या खरखरीने ती एका पार्सलात आणली होती. टेंपोवाल्याच्या दोषाबद्दल जमेनीसांनी मत दिलं नाही.

राधाक्का आल्या, बसल्या, त्यांनी पदर सावरला. "खालची तार थोडी चढवा, अण्णा. आणखी. हां. आता पंचम. छलो, छान. आता असंच राहू दे, आपलं काही मध्ये घालू नका," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्या गायल्या, आणि सुरेख गायल्या. जमेनीस मागे बसून पाऊण तास त्याच दोन तारा एकाआड एक छेडत राहिले.

मग चहाची सुट्टी झाली. लोक बाहेर गेले. रिकाम्या सभागृहात जमेनीसांनी वाकून वायरी उपसल्या आणि नागोजीने सांगितल्या तशा लावल्या. खरखर बंद ठेवली, आवाज बारीक केला, खालची तार उतरवून मूळ जागी आणली आणि त्या गाण्याच्या चार ओळी वाजवल्या. सूर सुटा निघाला, क्षणभर तरंगला आणि आपणहून विरून गेला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पत्रात मागितला होता तो हाच. पहिल्या रांगेत हेमावतीबाई चहाचा कप हातात धरून बसल्या होत्या. बाकी कुणी नव्हतं.

घंटा झाली. लोक आत आले. भीमराव थेट मंचाच्या कडेशी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जमेनीस! काय लावलाय हो! माझा तानपुरा असा कधी बोलला नाही. तुम्ही कलाकार आहात, बुवा. इतकी वर्षं लपवून ठेवलंत?" मागे चार-पाच माना डोलल्या. त्यात मघाशी माईकचं विचारणाराही होता.

जमेनीस खाली वाकले. वायरी काढल्या आणि पुन्हा यादीप्रमाणे लावल्या. घुमारा, पडसाद, खरखर. मग त्यांनी खरखर चालू केली, तार चढवली आणि राधाक्कांची वाट पाहत बसले.

कार्यक्रम संपल्यावर राधाक्कांनी पुढच्या महिन्यातल्या हुबळीच्या बैठकीचं आमंत्रण दिलं. प्रभंजनने पाठ थोपटली. जमेनीस नवराबायको घराकडे चालत निघाली. गिटार जमेनीसांच्या हातात आणि डब्यांची पिशवी हेमावतीबाईंच्या.

"मधल्या वेळात चार ओळी वाजवल्यात ना," हेमावतीबाई म्हणाल्या, "फार छान वाजल्या त्या."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. गिटारीबद्दल असं वाक्य त्यांच्या तोंडून जमेनीसांनी पहिल्यांदा ऐकलं. ते चालता चालता थांबले.

"मग तिथंच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्या वायरी नागोजीने सांगितल्या तशाच ठेवल्या असत्यात?"

जमेनीसांनी गिटार या हातातून त्या हातात घेतली. बायकोशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"नाही," ते म्हणाले.